भारताचा रग्बी संघ मागे का पडतो आणि पुढे येण्यासाठी काय करावं लागेल? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मुलांना रग्बी शिकवताना मैदानाच्या कडेला थांबणारे पालक, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि देवळालीत राहणारे निवृत्त फौजी फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात: एवढा मोठा देश, मग आपला संघ एवढा मागे का? जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीग टीव्हीवर दिसली आणि हे प्रश्न आणखी वाढले. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. यातली मतं माझी आहेत आणि ती मैदानावर मुलांसोबत राहून बनलेली आहेत.

भारतात हा खेळ नवीन आहे, म्हणून आपण मागे आहोत का?

नाही, खेळ आपल्याकडे चांगला जुना आहे. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात इंग्रजांनी एक सामना खेळला आणि त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. काही वर्षांत क्लब बंद करायची वेळ आली, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता चषकासाठी झुंजतात, तो हाच. आपली अखिल भारतीय स्पर्धाही १९२४ पासूनची आहे.

पण एवढ्या वर्षांत खेळ जिमखाने, छावण्या आणि मुंबई-कोलकात्यातल्या मोजक्या क्लबांच्या बाहेर फारसा पडलाच नाही. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९९८ मध्ये, सिंगापूरविरुद्ध. अभिनेता राहुल बोस त्या संघात होता. पुढे तो राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला. म्हणजे खेळाचा इतिहास दीडशे वर्षांचा आणि राष्ट्रीय संघाचा तीस वर्षांच्या आतला. शाळांमधल्या रग्बीचं म्हणाल, तर बहुतेक जिल्ह्यांत ते अजून सुरूच व्हायचं आहे.

संघ मागे आहे म्हणजे नेमका कुठे आहे?

पुरुषांचा विश्वचषक १९८७ मध्ये सुरू झाला. भारत त्यासाठी एकदाही पात्र ठरलेला नाही. आशियात जपान एकटाच फार पुढे आहे. त्याच्या मागे हाँगकाँग, दक्षिण कोरिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, श्रीलंका हे देश. आपला पंधरा जणांचा पुरुष संघ वर्षानुवर्षं खालच्या गटांत खेळत आला आहे. महिलांची गोष्ट बरीच वेगळी आहे. ती पुढे येते आणि ती नीट वाचा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

आपली माणसं अंगापिंडाने लहान, म्हणून हरतो ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा येतो. मला ते उत्तर पटत नाही.

जपानकडे बघा. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असं धुतलं होतं. त्या दिवशी जपानी अंगकाठीबद्दल जगभर हेच बोललं गेलं असेल. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, ब्रायटनला त्याच जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं, तेही शेवटच्या क्षणी ट्राय करून, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवून. त्याआधी बरोबरी साधून देणारी पेनल्टी किक समोर होती. कर्णधार मायकल लीचने ती मारायला नकार दिला आणि जिंकायला गेला. मधल्या वीस वर्षांत जपानी माणसाचा सांगाडा बदलला नाही. बदलली ती तयारी, व्यायाम, आहार, चेंडू हातातून सोडायचा वेग. आणि या सगळ्याच्या तळाशी होती त्यांची शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, जी शंभर वर्षांहून जुनी आहे.

अंगाला काहीच महत्त्व नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांत गुंतून रेटतात तिथे, पुढच्या रांगेत उभे राहणारे तिघे आणि लाइनआउटमध्ये, म्हणजे कडेबाहेरून फेकलेला चेंडू झेलताना, वर उचलले जाणारे दोघे यांना वजन आणि उंची लागतेच. पण पंधरा जणांत जागा अनेक प्रकारच्या असतात. स्क्रममधून चेंडू काढून देणारा स्क्रम-हाफ बुटका आणि चपळ चालतो, किंबहुना तसाच बरा. आणि उंच माणसं आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणतं? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सहा फुटांहून उंच. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं, २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये होता आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सांघिक सुवर्ण जिंकलं. दुष्काळी गावातला मुलगा नौकानयनात तिथवर गेला, कारण कुणीतरी त्याची उंची बघून त्याला होडीत बसवलं. तशी नजर रग्बीसाठी कुणी फिरवतंय का, हे विचारायला हवं.

मग खरं कारण कोणतं?

माझ्या मते दोन: खेळाडू फार उशिरा सुरुवात करतो आणि सामने फार कमी खेळतो. बाकी सगळी कारणं यांच्या मागून येतात.

न्यूझीलंडमधलं पोर सहाव्या-सातव्या वर्षी शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर असतं. अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याचे शंभरावर सामने सहज होतात. आपला खेळाडू बहुतेक वेळा सोळा ते वीस या वयात पहिल्यांदा चेंडू हातात घेतो. आधी तो धावपटू असतो, कबड्डीपटू असतो किंवा कॉलेजात मित्राने ओढून आणलेला असतो. मेहनती असतो, वर्षभरात दम आणि ताकद कमावतो, पण खरे, पूर्ण ८० मिनिटांचे, तुल्यबळ संघाशी झालेले सामने त्याच्या खात्यात बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

याचा परिणाम कुठे दिसतो? टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, झाल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत. चेंडूवाला खाली पडला की जवळच्या खेळाडूने क्षणात ठरवायचं असतं: चेंडूवर झेपावायचं, समोरच्याला रेटायचं की मागे राहून बचावाची रांग धरायची. एका सामन्यात हा प्रसंग शंभराहून जास्त वेळा येऊ शकतो. तो निर्णय फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही. तो शेकडो वेळा चुकल्यावर अंगात भिनतो. आपले खेळाडू बरेचदा पहिली वीस मिनिटं बरोबरीने लढतात आणि मग स्कोअर सुटत जातो. लोक म्हणतात, दम संपला. दम संपतोही, पण त्याआधी निर्णय उशिरा व्हायला लागतात. पडलेल्या चेंडूभोवतीच्या रेटारेटीत, म्हणजे रकमध्ये, एक माणूस जास्त जातो, बाहेर एक जागा मोकळी राहते आणि समोरचा संघ तिथूनच निघतो.

कबड्डीपटूंना थेट रग्बीत घेतलं तर?

घ्यावं, जरूर घ्यावं. महाराष्ट्रात याहून चांगला साठा नाही. पकडीची भीती नाही, पायात ताकद आहे, माणसाची चाल वाचायची सवय आहे. पण काय मोडून काढावं लागतं तेही सांगतो, कारण हे मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या सरावाला दिंडोरीकडचा एक मुलगा यायचा, कोपऱ्यात खेळणारा, घोटापकडीत पटाईत. रग्बीच्या पहिल्या सरावातच त्याने समोरच्याला असं सुरेख पाडलं की सगळे थांबून बघत राहिले. आणि मग तो पाय आवळून तसाच पडून राहिला. कबड्डीत तेच करायचं असतं: चढाईवाला रेषेपर्यंत पोहोचू नये म्हणून शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही. रग्बीत मात्र पाडलं की ताबडतोब सोडायचं, उठून पायांवर उभं राहायचं आणि मगच चेंडूला हात लावायचा. नाहीतर पेनल्टी. त्या मुलाला पाडणं शिकवावंच लागलं नाही. सोडून उठणं शिकवायला महिने गेले. दमला की हात पुन्हा आवळले जायचे.

दुसरी अडचण डोक्याची. कबड्डीत डोकं कुठे आहे याकडे तितकं लक्ष नसतं. रग्बीत टॅकल करताना डोकं चेंडूवाल्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कमरेला टेकलेला, पाठ सरळ, अशी ठेवण हवी. ती चुकली तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. म्हणून कबड्डीपटूला चौदाव्या वर्षी आणा, बाविसाव्या वर्षी नको.

परदेशात इतके भारतीय वंशाचे खेळाडू आहेत, त्यांना का खेळवत नाही?

जागतिक रग्बीचे नियम या बाबतीत बरेच सैल आहेत. आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले असले, किंवा खेळाडू स्वतः सलग पाच वर्षं तिथे राहिलेला असला, तरी तो त्या देशाकडून खेळू शकतो. हाँगकाँग आणि अमिरातीच्या संघांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले खेळाडू भरपूर दिसतात. २०१५ च्या त्या जपानी संघातही होते. कर्णधार लीच स्वतः न्यूझीलंडमध्ये जन्मलेला.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणाने राष्ट्रीय संघात खेळायला भारतीय पासपोर्ट अनिवार्य केला आणि दुहेरी नागरिकत्व आपला कायदा देत नाही. म्हणजे लंडनमध्ये वाढलेल्या मुलाला भारताकडून खेळायचं तर ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागतं. असं किती जण करतील? आशियात आपली तुलना करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. मला व्यक्तिशः हा नियम रग्बीसाठी शिथिल झाला तरी फार फरक पडेल असं वाटत नाही. चार चांगले खेळाडू येतील, बाकी अकरा इथेच घडवावे लागतील.

परदेशी कोच आणि लीग आल्यावर संघ सुधारेल ना?

थोडा सुधारेल. फिजीचा वैसाले सेरेवी हा सेव्हन्समधल्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीतल्या, थोरांपैकी थोर खेळाडू. भारतीय सेव्हन्स संघांचं प्रशिक्षण २०२४ मध्ये त्याच्याकडे आलं, ही मोठी गोष्ट आहे. ओडिशा सरकार २०२० पासून राष्ट्रीय संघांच्या पाठीशी उभं राहिलं, तेही. आणि १५ ते २९ जून २०२५ या काळात मुंबईत अंधेरीला झालेल्या प्रीमियर लीगमध्ये सहा संघांतून आपली मुलं जगातल्या उत्तम सेव्हन्स खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळली. चेन्नई बुल्सने ती जिंकली. आमच्या मुलांनी मोबाइलवर सामने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना साइडस्टेपच, म्हणजे झटकन बाजूला पाऊल टाकून चकवणंच, करायची होती. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण लीग दोन आठवड्यांची. उरलेले पन्नास आठवडे खेळाडू कुठे खेळतो? कोच कितीही मोठा असला तरी त्याच्या शिबिरात येणाऱ्या मुलाला विसाव्या वर्षी डाव्या हाताने पास शिकवावा लागत असेल, तर डावपेच शिकवायला वेळ उरत नाही. पैसा आणि कोच वरून ओतले जातात तेव्हा खाली जिल्ह्यात दर शनिवारचा सामना असायला हवा. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी कुठेही बोलेन.

सेव्हन्सवर भर द्यावा की पंधरा जणांच्या खेळावर?

सध्या सेव्हन्सवर. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, वेगाला किंमत जास्त, स्क्रम तिघांचा. २०१६ पासून हा ऑलिंपिक खेळ आहे, त्यामुळे सरकारी मदत, शिष्यवृत्ती, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा हे सगळं सेव्हन्सभोवती फिरतं. गावातल्या शाळेला पंधरा-पंधराचे दोन संघ जमवणं अवघड. सात-सात लगेच जमतात.

मात्र एक धोका आहे. सेव्हन्सच खेळत राहिलं तर अंगाने जाड, बळकट, पळायला हळू असलेल्या मुलाला जागाच उरत नाही. त्याला आपण अकराव्या वर्षीच घरी पाठवतो आणि मग राष्ट्रीय संघाला प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतला बळकट खेळाडू, मिळत नाही म्हणून रडतो. जिल्ह्यात वर्षातून काही सामने तरी दहा किंवा बारा जणांचे व्हावेत, ज्यात स्क्रमला आणि अशा मुलांना काम असेल.

महिला संघ पुरुषांपेक्षा झपाट्याने पुढे कसा गेला?

भारतीय महिलांचा पंधराचा संघ पहिल्यांदा २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिलात त्यांनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं. तो महिलांचा पहिला विजय. पेनल्टी किक मारून सामना फिरला तेव्हा मुली मैदानावर रडत होत्या. ते चित्रण मिळालं तर मुलामुलींना दाखवा. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला आशियाई २० वर्षांखालील सेव्हन्स स्पर्धा झाली, तिथे आपल्या मुलींनी कांस्यपदक घेतलं.

या मुली येतात कुठून? भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकणाऱ्या आदिवासी मुली, बिहारच्या गावांतल्या मुली, बंगालमधल्या चहाच्या मळ्यांजवळच्या वस्त्यांतल्या मुली, आणि आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा, जी देशाची कर्णधार झाली. भुवनेश्वरच्या संस्थेत मुलं-मुली राहतात, शिकतात, दोन वेळ जेवतात आणि रोज खेळतात. सगळं एकाच आवारात. कुणाला बस पकडून घरी पळायचं नसतं, कुणाचा सराव भातलावणीत बुडत नाही. लहान वयात सुरुवात आणि रोजचा सराव या दोन गोष्टी जिथे जुळल्या, तिथे निकाल लागला.

जगातही महिलांची रग्बी तुलनेने नवी असल्यामुळे पुढच्या देशांशी आपलं अंतर कमी आहे, हेही खरं. ते अंतर फार काळ कमी राहणार नाही. आत्ता मुलींच्या रग्बीवर खर्च केलेला रुपया मुलांपेक्षा जास्त काम करेल, असं माझं ठाम मत आहे.

शेजाऱ्यांकडून काही शिकण्यासारखं आहे?

श्रीलंकेकडून पुष्कळ. लोकसंख्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, पण शालेय रग्बी बघायला हजारो लोक मैदानावर येतात. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज १९४५ पासून ब्रॅडबी शील्डसाठी खेळतात, एक सामना इथे आणि एक तिथे. जुने विद्यार्थी, आजोबा, नातवंडं सगळे येतात. नाशिकमध्ये दोन शाळांनी अशी एक वार्षिक लढत ठरवली आणि दहा वर्षं न चुकवता खेळली, तर कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त खेळाडू घडतील.

यात नाशिकचं काय काम? राष्ट्रीय संघ तर मुंबई-दिल्लीत ठरतो.

खेळाडू तिथे ठरत नाहीत. हरसूलच्या पलीकडच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरात पळत मोठी झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यात अशी पोरं आजही आहेत. ती आश्रमशाळांत राहतात आणि राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. भुवनेश्वरला जे जमलं त्याचा सांगाडा आपल्याकडे तयार उभा आहे: वसतिगृह, जेवण, मुलं, मैदान. कमी आहे ती प्रशिक्षित माणसांची, चेंडूंची आणि वेळापत्रकात एका तासाची. आहाराकडे मात्र बघावं लागेल. टॅकल खेळणाऱ्या मुलाला रोज अंडी, डाळ, दूध पुरेसं मिळालंच पाहिजे.

पावसाळाही आपल्या बाजूचा आहे. जून ते सप्टेंबर बाकी खेळ ठप्प होतात, तेव्हा इगतपुरी-त्र्यंबकचं गवत आणि भिजलेली माती पडायला शिकण्यासाठी उत्तम. उन्हाळ्यातल्या कडक मुरमावर मी कुणालाही टॅकल शिकवू देणार नाही. देवळाली आणि भोसला मिलिटरी स्कूलमुळे या शहराला शिस्तीच्या, सांघिक खेळांची ओळख आहेच. सैन्यदलाचे संघ देशात नेहमीच बलवान राहिले आहेत. निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेल्या ज्या जवानांनी तिथे रग्बी खेळली, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळांना दिल्या तरी पुष्कळ होईल.

मुलाला खेळवायचं आहे, पण डोक्याला मार लागेल याची भीती वाटते.

भीती रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या कोचकडे मूल पाठवू नका. बारा वर्षांपर्यंत कमरेच्या पट्ट्या ओढायची टॅग रग्बीच खेळावी. त्यात धक्काबुक्की नसते आणि पास, धाव, जागा शोधणं सगळं येतं. पुढे टॅकल गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत असं पायरीने शिकवतात. खांद्याच्या वरचा टॅकल नियमाने बंद आहे, त्याला कार्ड मिळतं.

डोक्याला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू त्याच क्षणी बाहेर जातो आणि त्या दिवशी परत येत नाही. मूल म्हणेल, मला काही झालं नाही. ऐकू नका. डॉक्टरांकडे न्या आणि खेळात परतायला किमान तीन आठवडे जाऊ द्या. हा नियम सामना फायनल असला तरी तसाच राहतो.

यात नोकरी किंवा गुणांचा काही फायदा?

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. पात्रतेच्या अटी स्पर्धेनुसार बदलतात, म्हणून प्रमाणपत्र हाती येण्याआधीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. नंतर धावपळ होते.

शाळेत सुरू करायचं तर काय लागेल?

दहा ते चौदा वयाला ४ नंबरचा चेंडू, त्याहून मोठ्यांना ५ नंबरचा. वीस मुलांमागे निदान सहा चेंडू हवेत. एकाच चेंडूवर सराव घेतला तर निम्मी मुलं नुसती उभी राहतात. टॅगचे पट्टे जाड कापडाचे शिवून घेतले तरी चालतात. टॅकल सुरू करायच्या दिवसापासून प्रत्येकाला दातांचं कवच हवंच, त्यात काटकसर नको. गोलखांब नसले तरी पहिली दोन वर्षं काही अडत नाही, ट्रायचे पाच गुण मोजा आणि खेळा.

क्रीडाशिक्षकांनी जागतिक रग्बी संघटनेचे नियम आणि प्रथमोपचाराचे ऑनलाइन अभ्यासक्रम आधी पूर्ण करावेत. ते फुकट आहेत. पहिल्या महिन्यात फक्त पास आणि पाठलाग, दुसऱ्या महिन्यात पडायला शिकवा. आणि तिसऱ्या महिन्यात, तयारी झाली नाही असं वाटत असलं तरी, शेजारच्या शाळेला सामन्याचं पत्र पाठवा.